नारळ हातात असेपर्यंत

नाही नाही नाही, नारळ फोडत नाहीत! इथंच सगळे चुकता तुम्ही. बातम्यांमध्येही तेच दाखवलं होतं, कुणीतरी नारळ फोडतंय आणि मागे ढोल वाजतायत. आमच्याकडे शिरगोळला सभेतला नारळ कधीच फोडत नाहीत. तो नुसता हातात धरायचा. ज्याच्या हातात नारळ, तो बोलणार. आणि तो बोलत असेपर्यंत बाकी कुणी, म्हणजे अगदी कुणीही, मध्ये तोंड घालायचं नाही. बोलून झालं की नारळ खाली ठेवायचा. बस. एवढं कळलं की आक्कांचा महाभियोग कळला. नाहीतर मग "मशीननं बेट विकून टाकलं" एवढंच कळतं, जसं तुम्हाला कळलंय.

थांब ना गार्गी, सांगतेय. पहिल्यापासून सांगते. तू चहा टाक तोवर.

शिरगोळ म्हणजे समुद्रात टाकलेली मूठभर बेटं. आमचे खापरपणजोबा वगैरे कोकणातून तिकडे काथ्याच्या कामाला गेले आणि तिकडचेच झाले. जाताना भाषा नेली, तिरफळं नेली, भांडणं नेली, आणि गावकीची बैठक नेली. नारळाची रीत त्या बैठकीतली. पुढे देश झाला, घटना झाली, पण घटना लिहिणारेही त्याच बैठकीत वाढलेले. त्यामुळे आमच्या घटनेत एक अजब कलम आहे. राष्ट्राध्यक्षांनी नारळ हातात धरून लोकांसमोर जे म्हटलं, तो कायदा. सही-शिक्का मागाहून. आधी तोंडचा शब्द. लग्नाचंही तसंच. नारळ धरून आधी त्यानं 'हो' म्हणायचं, मग तिनं. मंत्र, कागद, फोटो हे सगळं नंतर.

तर आमच्या राष्ट्राध्यक्ष इंदुमती तोरसकर. त्यांना सगळा देश आक्का म्हणतो. आधी शाळेत भूगोल शिकवायच्या. माझ्या आईला त्यांनी नकाशात शिरगोळ सापडलं नाही म्हणून बाकावर उभं केलं होतं, आणि मग स्वतःच हसून म्हणाल्या होत्या, "बस गं, नकाशावाल्यांनाही सापडलेलं नाही." अशा. दुसऱ्यांदा निवडून आल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांना झटका आला. मेंदूत रक्ताची गुठळी. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं पार गेलं.

मग बोलपट्टी आली.

आता जरा विज्ञान. तोंडं वाकडी करू नका, पटकन सांगते. आक्कांची जीभ, ओठ, घसा कामातून गेले होते, पण मेंदूचा जो भाग जिभेला हुकूम सोडतो तो ठणठणीत होता. आक्का 'पाणी' म्हणायला गेल्या की हुकूम सुटायचा, जीभ ऐकायची नाही. बोलपट्टी म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ फिल्म. ती मेंदूच्या त्या भागावर ठेवतात. तिच्यावरचे इलेक्ट्रोड सुटलेला हुकूम पकडतात. कानामागे एक चकती असते, तिथून सिग्नल गळ्यातल्या लॉकेटमध्ये जातो आणि लॉकेट बोलतं. आवाज त्या माणसाचाच, जुन्या रेकॉर्डिंगवरून तयार केलेला.

आता खरी गोम. सिग्नल स्वच्छ नसतो. भिंतीपलीकडे कुणी बोलत असलं की आपण कसं अर्धं ऐकतो आणि अर्धं जुळवतो? तसं. 'पा', 'बा', 'मा', तिन्ही म्हणून बघा. बघा ना म्हणून! ओठ सारखेच मिटले ना? मग मेंदूचा हुकूमही जवळजवळ सारखाच. म्हणून पुढचं काम अंदाजाचं. आतल्या मॉडेलला त्या माणसाचं आयुष्यभराचं बोलणं शिकवलेलं असतं, शिवाय समोरचा काय म्हणतोय तेही ते ऐकत असतं. त्यावरून ते ठरवतं की ह्या माणसाला आता अमुकच म्हणायचं असणार. हा अंदाज कमी-जास्त करता येतो. शून्यावर ठेवला तर एकेक अक्षर बाहेर पडतं, तेही दोनतीनदा मनात घोकल्यावर. घाम फुटतो माणसाला. आणि पूर्ण वर नेला की तुम्ही मनात दोन शब्द आणायचे, अख्खं वाक्य तयार. चुकीचं वाक्य निघालं तर दात आवळायचे, मशीन तिथल्या तिथं थांबतं. दात नाही आवळले तर मशीन समजतं की बरोबर चाललंय.

म्हणजे गप्प बसलं की होकार. हे जरा लक्षात ठेवा. मशीन बनवणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्यांच्याकडे कुणी भलतं बोलायला लागलं की लोक त्याला मध्येच तोडतात.

मी आक्कांची पट्टी-सोबती होते. सकाळी चकती पुसायची, सिग्नल तपासायचा, अंदाज त्या म्हणतील तिथं ठेवायचा आणि दिवसभर खुर्चीमागे उभं राहायचं. मला हे काम मिळालं कारण आमच्या घरी आधीच एक पट्टी होती. माझा दत्तूदादा. दादा होड्यांच्या शर्यतीचं धावतं वर्णन करायचा. अख्ख्या किनाऱ्याला त्याचा आवाज माहीत. मोटरसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला आणि सगळा आवाज बंद. पट्टी बसल्यावर त्यानं अंदाज कायम पूर्ण वर ठेवला, कारण तेव्हाच तो पूर्वीसारखा सुसाट बोलायचा. पण मॉडेल शिकलेलं शर्यतींवर ना! आईनं ताटात मासा वाढला तरी लॉकेट म्हणायचं, "आणि आली, आली, सुरमई आली, सगळ्यांना मागे टाकून सुरमई पुढे!" आम्ही हसून लोळायचो.

लतिकाला लग्नाचं विचारलं तेही तसंच. लतिका बंदरावरच्या हवामान केंद्रात काम करते, बोलायला एकदम मोजकी. तिला दादा म्हणाला, "आता शेवटचं वळण, दत्तू पेडणेकर जीव खाऊन वल्हं मारतोय, पलीकडे लतिका उभी आहे, ती हो म्हणणार का?" लतिका हसली आणि हो म्हणाली. लग्न गणपतीनंतरचं ठरलं.

आणि मग ते स्वागत झालं.

परदेशातली एक कंपनी आली होती. त्यांना आमच्या निवळीच्या खाडीचा तळ उपसून त्यातून बॅटऱ्यांचा धातू काढायचा होता. निवळीची खाडी म्हणजे आमच्या बायकांची तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायची जागा, ओहोटीला अर्धं गाव टोपल्या घेऊन तिथं असतं. अशी जागा द्यायची तर आधी सगळ्या बेटांचा कौल घ्यावा लागतो, असं घटनेत स्पष्ट आहे. कौल झाला नव्हता. हे नुसतं चहापाणी होतं. कंपनीच्या साहेबानं गोड भाषण केलं, शेवटी म्हणाला, खाडीचं दार आमच्यासाठी उघडा. मग रीतीप्रमाणे आक्कांच्या डाव्या हातात नारळ दिला.

लॉकेट बोलायला लागलं. "शिरगोळमध्ये तुमचं स्वागत आहे. जे आमचं ते तुमचं. निवळीची खाडी आजपासून तुमच्या कामासाठी खुली आहे."

मी मागे उभी होते. मला आक्कांचा चेहरा बाजूनं दिसत होता. भुवया जरा वर गेलेल्या, मान किंचित कललेली. दुसऱ्या कुणाचं बोलणं ऐकताना आपण जसे दिसतो ना, तशा. वाक्य संपलं, साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शिपाईमामांनी आक्कांच्या हातातून नारळ काढून चौरंगावर ठेवला. आक्कांचा हात थरथरायचा म्हणून ते नेहमीच तसं करायचे. नारळ खाली गेला म्हणजे बोलणं संपलं.

कायदा झाला होता. चहा पिता पिता.

दुसऱ्या दिवशी निवळीच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन सभागृहासमोर येऊन बसल्या. घोषणा नाहीत, काही नाही. नुसत्या बसल्या. आणि विश्राम कुबलांनी महाभियोगाची नोटीस दिली. कुबल म्हणजे विरोधी बाकावरचे सगळ्यात जुने सभासद. माणूस सरळ, पण ओंडक्यासारखा सरळ, वळायचा नाही. त्यांचे आरोप दोन. पहिला, राष्ट्राध्यक्षांनी लोकांचा कौल न घेता खाडी दिली, घटना मोडली. दुसरा, ते शब्द जर त्यांचे नसतील, तर खुर्चीत मशीन बसलंय आणि राष्ट्राध्यक्षांना स्वतःचा शब्द उरलेला नाही.

कळली का मेख? शब्द माझे म्हटलं तर पहिल्या आरोपात खुर्ची जाणार, वर खाडीही जाणार. माझे नाहीत म्हटलं तर खाडी वाचणार, पण दुसऱ्या आरोपात जाणार. आणि दुसरा आरोप एकदा सिद्ध झाला की पट्टीवाल्या कुणाचाच शब्द धरला जाणार नाही. साक्ष नाही, मृत्युपत्र नाही.

लग्न नाही.

तुम्ही म्हणाल, तपासा की मग मशीन. काय तपासणार? मेंदूतला सिग्नल साठवायला आमच्याकडे बंदी आहे, कुणाच्या डोक्यात डोकावायचं नाही म्हणून. चांगलाच कायदा आहे तो. पण मग मागे उरतं ते फक्त बाहेर पडलेलं वाक्य. ते कुठून आलं हे सांगायला जगात एकच माणूस, आक्का, आणि त्यांनीही ते नारळ धरून बोलूनच सांगायचं, लिहिलेलं चालत नाही.

सकाळी त्या व्हरांड्यात पेज पीत होत्या. मी चकती पुसता पुसता विचारलंच. "आक्का, ते तुम्ही म्हणालात, की हे?"

लॉकेट म्हणालं, "मलाच नक्की कळत नाही गं. आधी वाटलं कुणीतरी बोलतंय. मग लक्षात आलं, आवाज माझाच आहे. म्हटलं, आवाज माझा म्हणजे मनातही आलंच असेल."

"पण दात का नाही आवळले?"

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी जेवत्या माणसापुढचं ताट उचलायला सांगितलं होतं.

"कुणी बोलत असताना?"

अंगावर काटा आला माझ्या. आता बघा, अजून येतोय. सत्तरी ओलांडलेली बाई, जन्मात कुणाला मध्ये तोडलेलं नाही. शाळेत पोरांना नाही, सभेत शत्रूला नाही. तिच्याच गळ्यातून तिच्याच आवाजात कुणीतरी बोलायला लागलं, तर तिनं काय केलं? पुरं होऊ दे म्हणून थांबली! आपली पाळी आली की बोलू म्हणून. आणि पाळी यायच्या आत शिपाईमामांनी नारळ काढून घेतला.

मग मी मॉडेल उघडून बसले. ते दर आठवड्याला नव्या बोलण्यावरून पुन्हा शिकायचं. पण नवं बोलणं म्हणजे तरी काय? निम्मं त्यानंच जुळवलेलं. स्वतःचंच उष्टं पुन्हा पुन्हा खात होतं. आणि आजारपणानंतर आक्का घरात कमी आणि समारंभातच जास्त बोलायच्या, त्यामुळे "जे आमचं ते तुमचं" ह्या वाक्यानं नुसता धुडगूस घातला होता आत. कुणी काही मागितलं की द्यायचं, एवढंच ते शिकलं होतं. पाहुणचार शिकलं होतं बिचारं! नाही म्हणायच्या वेळी आक्का गप्प बसायच्या. गप्प बसणं कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

पण ही सगळी माझी जुळवाजुळव. सिद्ध काहीच होत नव्हतं.

त्या रविवारी लतिका तिच्या वडिलांना घेऊन आमच्या घरी आली. बाबलकाका मोठ्या मायेचा माणूस, पण त्या दिवशी चहाचा कप हातात धरून नुसते बसून होते. शेवटी म्हणाले, "दत्तू, राग मानू नको रे. सभेचा निकाल लागेपर्यंत तारीख पुढे ढकलूया. उद्या कुणी म्हणालं की ह्या लग्नात नवऱ्याचा होकारच नाही, तर पोरीनं करायचं काय?"

"आणि शर्यतीत अचानक व्यत्यय!" दादाचं लॉकेट ओरडलं. "पण खेळाडू खचलेला नाही, प्रेक्षक..."

"दत्तू," लतिका म्हणाली. एवढंच.

लॉकेट थांबलं.

"मला लग्नाचं विचारलंस ना, ते शेवटचं वळण वगैरे. ते तू विचारलंस का?"

दादानं तोंड उघडलं. लॉकेट काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यानं दात आवळले. पुन्हा बोलायला गेला, पुन्हा आवळले. मला ते बघवेना, म्हणून मीच म्हणाले, "अगं म्हणजे काय, त्यानंच विचारलं! कित्येक दिवस त्याच्या मनात होतं, तो मला म्हणायचा..."

"चारुता," लतिका माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी त्याला विचारलंय."

ते दोघं गेल्यावर मी दादाला म्हटलं, तू काळजी करू नकोस. सभेत माझी साक्ष आहे. मी सांगते की शब्द आक्कांचेच होते. रोज मागे उभी असते मी, माझं कोण नाही ऐकणार? दुसरा आरोप पडला की तू मोकळा. खाडीचं काय, कोर्टबिर्ट असतंच, बघतील कुणीतरी. आणि तुलाही हेच वाटतंय, हो ना? तू हेच म्हणणार होतास ना?

दादानं फोन काढला, काहीतरी टाइप केलं आणि माझ्यासमोर धरलं.

"तू आणि हे लॉकेट, सख्ख्या बहिणी."

हसू नका. मी पण हसले होते आधी. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

सभेचा दिवस. गॅलरीत निवळीच्या बायका, मागच्या रांगेत दादा, आणि त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून लतिका. आक्का पांढऱ्या सुती साडीत, लॉकेट गळ्यात. सभापतींनी माझं नाव पुकारलं आणि माझ्या हातात नारळ आला. जड असतो हां तो. आतलं पाणी हलतं ते हाताला कळतं.

कुबलांनी आधीच प्रश्न विचारून ठेवला होता. "तू रोज त्यांच्याजवळ असतेस. सांग पोरी, ते शब्द कुणाचे होते?"

मी दादाकडे बघितलं. तोंडाशी आलं होतं, 'आक्कांचे'. एक शब्द. तो बोलायचा, नारळ ठेवायचा, घरी जायचं. सगळे गप्प होते. कुणी मला घाई करत नव्हतं, कुणी माझं वाक्य पुरं करत नव्हतं. अख्खं सभागृह नुसतं माझ्याकडे बघत थांबलं होतं. असं माझ्यासाठी आयुष्यात कुणी थांबलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कुणासाठी. एवढ्या शांततेत खोटं बोलायला फार मोठा दम लागतो. माझ्यात तो नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मशीनलाही माहीत नाही. फक्त आक्कांना विचारा. पण अंदाज पूर्ण बंद करून. एकेक अक्षर येईल, खूप वेळ लागेल. थांबावं लागेल सगळ्यांना."

आणि नारळ ठेवला. दादाकडे बघायची हिंमत झाली नाही.

आक्कांनी डाव्या हाताच्या बोटानं लॉकेटवर टकटक केलं. मी जाऊन अंदाज शून्यावर आणला. शिपाईमामांनी त्यांच्या हातात नारळ दिला.

आधी काहीच नाही. वरचे पंखे तेवढे ऐकू येत होते. आक्कांच्या कपाळावर घाम आला. मग लॉकेट म्हणालं, "श." परत शांतता. "ब्द." अक्षर सुटं आलं ना, की आवाज कुणाचाच वाटत नाही. "मा." बराच वेळ गेला. बाहेर कुणाचीतरी स्कूटर सुरू होईना, ते सगळं आत ऐकू येत होतं. "झे."

"शब्द माझेच आहेत म्हणतायत!" सत्ताधारी बाकावरून एक तरणा सभासद ओरडला.

कुबल उभे राहिले. आक्कांना घालवायला निघालेले कुबल! पण त्यांच्या हातात नारळ नव्हता, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. त्यांनी त्या पोराकडे बघत नुसतं आक्कांच्या हाताकडे बोट दाखवलं. पोरगं खाली बसलं.

"न." "व्ह." "ते."

शब्द माझे नव्हते. गॅलरीत बायकांनी एकमेकींचे हात धरले. खाडी वाचली होती! पण ह्याचा अर्थ दुसरा आरोप. शिपाईमामा सवयीनं पुढे झाले, नारळ घ्यायला हात लावला.

आक्कांनी नारळ छातीशी ओढून धरला.

एकाच हातानं. तो हात थरथरत होता, पण सोडेना. शिपाईमामा दचकून मागे सरकले. आणि लॉकेट पुन्हा बोलायला लागलं, एकेक अक्षर, मध्ये इतकं अंतर की प्रत्येक वेळी वाटायचं आता संपलं. कुणी हललं नाही. मला पुढचं अक्षर कळायचं, ओठांवर यायचं, मी ओठ दाताखाली धरून उभी होते.

"गप्प बसणं माझं होतं."

थोडा श्वास. मग, "तोही आरोप लिहा."

आणि आक्कांनी स्वतः, हळूहळू, कुणाच्या मदतीशिवाय नारळ चौरंगावर ठेवला. तो जरा घरंगळला, पण पडला नाही.

कुबलांनी नारळ उचलला. बराच वेळ ते हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पहिला आरोप पडला, खाडी दिलीच गेलेली नाही. दुसरा आरोपही पडला. राष्ट्राध्यक्षांना शब्द आहे, आपण आत्ताच ऐकला. मी आजवर या सभागृहात ऐकलेल्या सगळ्या भाषणांत सगळ्यात लहान." लोक हसले थोडे. कुबल नाही हसले. "तिसरा आरोप त्यांनी स्वतः सांगितलाय. थांबवता येत असताना थांबवलं नाही. तो मला मतदानाला टाकावा लागेल."

टाकला. मंजूर झाला. जेमतेम, पण झाला. आक्कांची खुर्ची गेली. आणि गंमत बघा, विश्राम कुबलांनी त्या आरोपाच्या विरोधात मत दिलं.

नंतर मी आक्कांच्या घरी गेले होते. आता त्या शून्यावरच बोलतात, हट्टानं. मी म्हटलं, आक्का, दोन्ही आरोप पडलेच होते, कशाला ओढवून घेतलंत? उत्तर यायला माझा चहा थंड झाला. पण मी थांबले. त्या म्हणाल्या, "उद्या प्रत्येक साहेब म्हणेल, मी नाही, मशीन बोललं. मग जाब कुणाला विचारायचा?"

आता आमच्याकडच्या पट्ट्या बदलतायत. गप्प बसलं की होकार, हे काढून टाकलंय. अवघड शब्दाला, नारळाच्या शब्दाला, अंदाज बंद. आणि तेच शिकायला मी इथं आलेय, नाहीतर तुमच्या ह्या मेसचं जेवण कोण जेवलं असतं?

काय? हो गं, सांगते ना दादाचं. ते शेवटी ठेवलं होतं मुद्दाम.

निकालानंतरच्या रविवारी दादानं लतिकाला घरी बोलावलं. अंगणात बसलो सगळे, बाबलकाका, आई, मी. दादानं देवघरातला नारळ आणला, खुर्चीत बसला आणि मला खुणेनं सांगितलं, शून्यावर घे.

त्याला सवयच नव्हती. चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली. धावतं वर्णन करणारा माणूस, आणि लॉकेटमधून नुसती खरखर. मग कधीतरी आलं, "ल."

मला कळलं. लग्न! लग्न करशील का. सरळ होतं. आई माझ्याकडे बघत होती, तिलाही कळलं होतं. बोल ना गं, सुटू दे बिचाऱ्याला, असं होतं तिच्या डोळ्यांत. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"ति."

लग्न नव्हतं. लतिका होतं. मी चुकले होते, पहिल्याच अक्षराला.

"का."

मग खूप वेळ काही नाही. कावळा येऊन बसला, उडाला. बाबलकाकांनी हातातली सुपारी तशीच धरून ठेवली. दादाचे डोळे मिटलेले. "थां." "ब." "शी." "ल." परत थांबला, दम खाल्ला. "बो." "लू." "न." "हो." "ई." "प." "र्यं." "त."

लतिका, थांबशील? बोलून होईपर्यंत?

लतिकानं उत्तर दिलं नाही. म्हणजे चेहऱ्यावर दिसत होतं सगळं, डोळे भरले होते तिचे, पण तोंडातून शब्द नाही. आई कासावीस झाली, म्हणाली, "अगं बोल की काहीतरी!"

लतिकानं आईला नको म्हणून हळूच मान हलवली आणि दादाच्या हाताकडे बघितलं.

नारळ अजून त्याच्याच हातात होता.

मग आम्ही सगळेच थांबलो.